पुढचं डावं चाक

“गाडी डावीकडे ओढते,” मी म्हटलं.
कमळाकर मढवीनं मान वर केली नाही.
“ब्रेक मारल्यावर, की न मारताच?”
मला सांगता येईना.
अठ्ठ्याण्णव सालची झेन, तेरा वर्षं माझ्या हाताखाली,
आणि एवढा साधा प्रश्न
मी तिला कधी विचारला नव्हता.

तेव्हापासून वही घातली.
मार्च: पॅड बदलले.
मे: कॅलिपर. पिस्टनवर गंज,
“खाडीची हवा, बाई, लोखंड चाटून खाते.”
ऑगस्ट: मास्टर सिलिंडर, कुर्ल्याहून मागवलेला;
पावती तिथंच चिकटवली आहे, आकड्यावर गोंद सांडू दिला.
दर वेळी हवा काढायची,
तो गाडीखाली, मी सीटवर,
दाबा. धरा. धरा. सोडा.
दर वेळी गाडी बरी होऊन घरी आली
आणि विसाव्या-बाविसाव्या दिवशी
महाप्याच्या सिग्नलला पुन्हा तो वास,
काथ्या जळल्यासारखा.

सर्व्हिस सेंटरच्या मुलानं संगणकाची वायर आणली,
डॅशबोर्डखाली वाकून बराच वेळ शोधलं.
लावायला भोकच नाही.
“मॅडम, ही बोलत नाही,” म्हणाला.
वरच्या मजल्यावरचे सबनीस म्हणाले, भंगारात द्या.

बोलत नाही तर नाही.
मी पारसिक टेकडी उतरायचे,
शेवटच्या वळणाशी बाजूला थांबायचे
आणि चारही चाकांना एकेक करून
हाताची मागची बाजू लावायचे,
पोराचा ताप बघावा तशी.
मागची दोन कोमट.
पुढचं उजवं ऊन.
डाव्याशी पोचायच्या आधीच हात मागे यायचा.
पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातले एक गृहस्थ
रोज तिथून फिरायला जात. एकदा
त्यांनीही थांबून चाकाला नमस्कार केला.

ऑक्टोबरातला रविवार. शहाबाजची गल्ली. गाडी जॅकवर.
मी वही वाचून दाखवली, तारखांसकट.
मढवीनं मला वीस वेळा ब्रेक दाबायला लावला,
मग डावं चाक हातानं फिरवून पाहिलं.
घट्ट.
आधी वर, मास्टरपाशी, नळी ढिली केली.
तरी घट्ट.
मग खाली, कॅलिपरची निपल, पाव आटा.
चिळकांडी त्याच्या मनगटावर उडाली
आणि चाक एका बोटानं
फिरायला लागलं, फिरतच राहिलं.
“वर नाय, खाली नाय,” तो म्हणाला, “मधी हाय.”

मधे होता रबराचा पाइप, वीतभर.
पंचवीस वर्षं चिखल खाऊन काळा,
पण तडा नाही, गळती नाही, फुगवटा नाही.
त्यानं करवतीनं आडवा कापला.
आतलं रबर सुजत सुजत
भोक उरलं होतं सुईच्या नेढ्याएवढं.
“पाय देता तेवा जोर जातो.
पाय काढला का त्याला माघारी वाट नाय.
मंग चाक धरूनच बसतं.”

साडेतीनशेचा पाइप.
आधीच्या अठरा हजारांकडे बघत मी विचारलं,
“हे आधी का नाही दिसलं?”
“दिसनारं आदी बदलतो मानूस,” तो म्हणाला.
पाइपचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
आधीचेही परत दिले नाहीत.

उजवीकडचा पाइप त्याच वयाचा,
तोही बदलून घेतला, कुरकुर न करता.
कापलेला तुकडा घरी आणलाय.
दिव्यासमोर डोळ्याला लावला
तर पलीकडे प्रकाशाचा एकच कण.

आज एक्केचाळिसावा दिवस. वास नाही.
तरी वळणाशी थांबलेच.
पांढऱ्या बुटांचे गृहस्थ जवळ आले,
“नवस आहे का काही?”
“डाव्याला हात लावून बघा.”
त्यांनी लावला. “ऊन आहे हो.”
“हो,” मी म्हटलं,
“आता उजव्याला लावा.”